मूळ शाबूत तर दात शाबूत

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. खामगावला आपण रजतनगरी म्हणतो, तेव्हा रौप्यमहोत्सव साजरा करायला याहून शोभेसे गाव दुसरे कोणते? समितीने मला सांगितले, "डॉक्टर मॅडम, तुम्ही दातांवर बोला." आता दातांवर बोला म्हटले की लोकांना वाटते, ही बाई ब्रश कसा करायचा ते सांगणार आणि चॉकलेट खाऊ नका म्हणणार. ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. पाळता किती, तो भाग वेगळा! म्हणून आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. दाताचे मूळ हाडाच्या आत हळूहळू विरघळत जाते, त्याविषयी मी बोलणार आहे. आमच्या भाषेत त्याला रूट रिसॉर्प्शन म्हणतात. आपण मराठीत मुळाची झीज म्हणू.

गेल्या वार्षिक सभेत स्ट्रक्चरल ऑडिटच्या खर्चावरून आपण किती वेळ वाद घातला, ते आठवते ना? उपविधी सांगतात की १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी तपासणी करा. कशासाठी? बाहेरून रंग झकास दिसतो, पण कॉलममधली सळई गंजली आहे की नाही, ते रंगावरून कळत नाही. दाताचेही तसेच असते. आरशात दिसतो तो दाताचा फक्त वरचा भाग. बहुतेक दातांचे मूळ त्या भागाहून लांब असते, आणि ते हाडात रुतलेले असते. वरचा दात पांढराशुभ्र आणि खाली मूळ अर्धे गेलेले, असे मी माझ्या दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे बहुतेक वेळा दुखत नाही. कीड दुखते, ठणकते, रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. ही झीज गुपचूप चालते.

आधी हे होते कसे ते पाहू. बाळगोपाळांनो, ज्यांचे दात सध्या पडताहेत त्यांनी हात वर करा बरं. बघा, केवढे हात! तुमचा पडलेला दुधाचा दात नीट पाहिला का? आजीने उंदराच्या बिळात टाकायला सांगण्याआधी एकदा उलटा करून बघा. त्याला मूळ जवळजवळ नसतेच. पण तो दात तोंडात घट्ट होता तेव्हा त्याला चांगले लांब मूळ होते. मग ते गेले कुठे? ते शरीराने स्वतःच विरघळवले. खालून पक्का दात वर येऊ लागला की शरीर काही खास पेशींना कामाला लावते. त्या दुधाच्या दाताचे मूळ कुरतडून साफ करतात, दात हलायला लागतो आणि एक दिवस पोळी खाताना हातात येतो. म्हणजे मुळाची झीज हा मुळात रोग नाहीच. दुधाच्या वीसच्या वीस दातांसाठी ती निसर्गाने करून ठेवलेली सोय आहे.

पक्क्या दातांना मात्र ही सोय नको असते, म्हणून तिथे दोन पहारेकरी ठेवलेले असतात. एक बाहेरून. मूळ आणि हाड यांच्या मध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो. त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन कागदांएवढी. तो पडदा आणि मुळावरचा पातळ थर मिळून त्या कुरतडणाऱ्या पेशींना मुळाला चिकटू देत नाहीत. दुसरा पहारेकरी आतून. दाताच्या मध्यभागी जी जिवंत नस असते, तिच्या भोवतीचे अस्तर. हे दोन्ही शाबूत असतील तर पक्के मूळ ७०-८० वर्षेही टिकते.

झीज व्हायला दोन गोष्टी लागतात. पहारेकरी जखमी झाला पाहिजे, आणि त्या पेशींना तिथे थांबवून ठेवणारे काहीतरी पाहिजे. गेटवरचा वॉचमन नसेल तर चोर आत येईल. पण आत हाताला काही लागलेच नाही तर तो थोड्या वेळाने निघून जाईल. दातातही तसेच होते. नुसती छोटी जखम असेल तर ती आपोआप भरून येते. पण तिथे जंतू असतील किंवा सतत दाब असेल, तर कुरतडणे चालूच राहते. एवढे ध्यानात ठेवले की पुढची सगळी कारणे सहज समजतील.

पहिले आणि सगळ्यात महत्त्वाचे कारण म्हणजे मार. सायकलवरून पडणे, क्रिकेटचा चेंडू लागणे, पायरीवर तोंड आपटणे, मोटारसायकलचा अपघात. बहुतेक वेळा वरचे समोरचे पटाशीचे दात सापडतात. दात तुटला नाही, नुसता हलला, थोडे रक्त आले, दोन दिवसांत थांबले. घरचे म्हणतात, चला, वाचलो. पण त्या धक्क्याने मुळाभोवतीचा पडदा चेपला गेलेला असू शकतो आणि आतली नस मेलेली असू शकते. मेलेल्या नसेत जंतू शिरतात, त्यांचे विष मुळातल्या सूक्ष्म नळ्यांतून बाहेर झिरपते आणि बाहेरची झीज सुरू होते. लहान मुलांमध्ये ही फार वेगाने होते. काही महिन्यांत अख्खे मूळ जाऊ शकते. दिलासा एवढाच, की ही झीज वेळेत सापडली तर बहुतेक वेळा थांबवता येते. रूट कॅनॉल करून आतले जंतू काढायचे, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध भरायचे, की चोराला आत थांबायला कारण उरत नाही.

दुसरे कारण जुना संसर्ग. किडलेली दाढ वर्षानुवर्षे तशीच ठेवली, मधूनमधून पू येतो, मेडिकलवरून गोळी आणून घेतली की तेवढ्यापुरते थांबते. पण आत हाड तर जातेच, मुळाचे टोकही झिजत जाते.

तिसरे कारण दाब. पक्का दात चुकीच्या दिशेने येऊ लागला तर तो शेजारच्या दाताच्या मुळावर रेलतो. यात वरचा सुळा पहिला. शंभरातल्या एक-दोन मुलांचा सुळा हाडातच अडकतो आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ खात सुटतो. पालकांनो, मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की वरच्या हिरडीवर, जिथे सुळा येणार तिथे, बोट फिरवून पाहा. दोन्ही बाजूंना सारखा फुगवटा लागला पाहिजे. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे असेल तर एकदा दाखवून घ्या. त्या वयात दुधाचा सुळा काढून टाकला तर अडकलेला सुळा पुष्कळदा आपोआप वाटेवर येतो. मोठ्यांमध्ये आडवी वाढलेली अक्कलदाढ पुढच्या दाढेला असाच त्रास देते. जबड्यातली गाठ किंवा पाण्याची पिशवीसुद्धा मुळावर दाब टाकते.

चौथे कारण ऐकून काही पालक दचकतील, पण घाबरू नका. ते म्हणजे दातांना लावलेल्या तारा. तारांनी दात सरकतो तो हाड एका बाजूने झिजून आणि दुसऱ्या बाजूने भरून. या कामात मुळाचे टोक थोडेसे झिजणे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत घडते. ते बहुधा एक-दोन मिलिमीटरच्या आत असते, त्याने काही बिघडत नाही, आणि तारा काढल्या की ते थांबते. मोजक्या लोकांतच जास्त झीज होते. उपचार फार लांबले, जोर जास्त लावला, मुळे मुळातच आखूड किंवा टोकदार असली, किंवा त्या दाताला आधी मार लागलेला असला, तर धोका वाढतो. काहींच्या घराण्यातच ती प्रवृत्ती असते. म्हणून तारा लावण्याआधी एक्स-रे, आणि मध्ये पुन्हा एक्स-रे. झीज दिसली तर दोन-तीन महिने जोर थांबवतात, मग पुढे जातात. तारा लावलेल्या मुलांनी एक मात्र करू नये: बारावी आली, शिकायला पुण्याला गेलो, आता दिवाळीत दाखवू, असे म्हणून तपासणी लांबवू नये. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी असाच दीड वर्षाचा खंड पाडून आली. नशिबाने मुळे ठीक होती.

पाचवा प्रकार हिरडीजवळ, दाताच्या मानेपाशी सुरू होतो आणि आत पोखरत जातो. ऑस्ट्रेलियातले दंतवैद्य हीथरसे यांनी १९९९ मध्ये असे २२२ रुग्ण तपासून त्यांच्या पूर्वेतिहासाची नोंद केली. त्यात तारांचे उपचार, जुना मार, आणि काळा पडलेला दात आतून औषध भरून पांढरा करणे या गोष्टी वारंवार आढळल्या. कित्येकांत एकाहून जास्त कारणे एकत्र होती, आणि काहींमध्ये कोणतेच ठळक कारण सापडले नाही. हा प्रकार किडीसारखा दिसतो, पण सळईने तपासले तर तळ टणक लागतो.

सहावा प्रकार आतून होतो. नसेभोवतीचे अस्तर जखमी झाले की कुरतडणे आतल्या बाजूने सुरू होते. पोकळी वाढत वाढत वर आली तर दातातून आतला रक्ताचा रंग दिसू लागतो आणि दात गुलाबी दिसतो. इंग्लंडचे ममेरी यांनी १९२० मध्ये अशा गुलाबी ठिपक्यांचे वर्णन केले. समोरचा एखादाच दात गुलाबीसर वाटू लागला, तर लाली छान दिसते म्हणून सोडून देऊ नका. इथे रूट कॅनॉल हा नेमका उपाय आहे, कारण त्या पेशी जिवंत नसेच्या रक्तावरच जगतात. नस काढली की त्यांचे रेशनच बंद.

आता सगळे नेहमी विचारतात ते प्रश्न. "मॅडम, कॅल्शियम कमी पडलं असंल का?" नाही. पक्क्या दाताच्या मुळाची अशी झीज आहारातल्या कॅल्शियमने होत नाही आणि गोळ्या खाऊन भरूनही येत नाही. थायरॉईड किंवा त्याच्या शेजारच्या ग्रंथींच्या काही आजारांत अनेक दातांची मुळे एकदम झिजल्याच्या नोंदी आहेत. तसे दिसले तर आम्ही फिजिशियनकडे पाठवतो, पण ते क्वचित. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूचे पाहुणे खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचे विचारतात. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दाताच्या वरच्या आवरणावर डाग पडतात. ते वेगळे दुखणे. मुळाच्या झिजेच्या माहीत असलेल्या कारणांत पाणी येत नाही. खर्रा, तंबाखू, मिश्री यांनी हिरड्या उतरतात आणि कॅन्सर होतो. ते सोडायला तेवढे कारण पुरेसे आहे, आणखी एक दोष त्यांच्या माथी मारायची गरज नाही. आणि मांजरे पाळणाऱ्यांसाठी एक गंमत: म्हाताऱ्या मांजरांमध्ये दाताची झीज फार सर्रास आढळते. मांजरापासून ती माणसाला येते का, अशी शंका काही संशोधकांनी घेतली, पण ते सिद्ध झालेले नाही. तेव्हा मनीला घराबाहेर काढू नका.

आता ज्यासाठी मुख्यतः आज उभी आहे, ते सांगते. कधीकधी मार असा लागतो की पक्का दात मुळासकट निघून बाहेर पडतो. आपल्या इथे संध्याकाळी खाली पंधरा-वीस पोट्टे खेळतात, त्यामुळे हे कोणावरही येऊ शकते. अशा दाताच्या मुळावर तो तंतूंचा पडदा अजून चिकटलेला असतो, त्यातल्या पेशी जिवंत असतात. त्या वाळल्या की मरतात. कोपनहेगनचे डॉ. आन्द्रिआसेन यांनी आयुष्यभर दातांच्या जखमांचा अभ्यास केला. त्यांच्यासारख्यांच्या कामातून ठरले ते असे: दात पहिल्या पंधरा मिनिटांत जागेवर गेला तर सर्वांत उत्तम, आणि साठ मिनिटे कोरडा राहिला तर पडद्याच्या पेशी वाचत नाहीत. मग तो दात परत बसवला तरी मूळ हाडाला थेट चिकटते, आणि शरीर त्या मुळालाही हाडच समजून हळूहळू काढून टाकते, त्या जागी हाड भरते. ही झीज थांबवणारे औषध आज नाही. मोठ्या माणसात असा दात तरी बरीच वर्षे काढतो. वाढत्या मुलात मात्र शेजारचे दात खाली येत राहतात आणि तो तिथेच अडकून आखूड दिसू लागतो.

माझ्याकडे एकाच वर्षी दोन मुलगे आले. दोघेही दहा-अकरा वर्षांचे, दोघांचाही समोरचा एक दात पडलेला. एकाच्या घरच्यांनी दात साबणाने घासून स्वच्छ केला, कागदात गुंडाळला आणि आधी ओठाची जखम शिवून घ्यायला नेले. तिथे कोणी दाताचे विचारले नाही. माझ्याकडे आले तेव्हा चार तास झाले होते. दुसऱ्याच्या शेजारच्या काकूंनी दात उचलून वाटीभर गार दुधात टाकला आणि वाटी हातात धरून ऑटोत बसल्या. अर्ध्या तासात माझ्या दारात. त्या काकू चौथी शिकलेल्या. त्यांना कोणी सांगितले होते म्हणे, टीव्हीवर की कुठे. आज तो मुलगा कॉलेजात आहे आणि दात त्याचाच आहे. पहिल्या मुलाचाही दात मी बसवला, पण सहा वर्षांत मूळ संपले. तो दात काढायचे ठरले त्या दिवशी त्याची आई म्हणाली, "दात तं दुकतच नाही ना मॅडम, मंग काहून काढता?" एक्स-रे दाखवला तेव्हा त्या माऊली बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचा काय दोष? साबणाने धुतला तो स्वच्छ व्हावा म्हणूनच. सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

म्हणून आज सगळ्यांना सांगून ठेवते. दात पडला तर आधी तो शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. घाण लागली असेल तर दुधाने किंवा नळाच्या गार पाण्याखाली जेमतेम दहा सेकंद धुवा. घासू नका, साबण नको, डेटॉल नको, पुसणे नको. मूल समंजस असेल तर दात लगेच त्याच्या खळगीत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. ते जमले नाही तर गार दुधात ठेवा. दूध नसेल तर त्या मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवा. साधे पाणी चांगले नाही, पण दात कोरडा ठेवण्यापेक्षा तेही परवडले. आणि तडक दंतवैद्य गाठा. मूल बेशुद्ध पडले असेल, उलटी करत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर मात्र आधी मोठा दवाखाना. आणखी एक: हे फक्त पक्क्या दातासाठी. दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

बसवलेला दात साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना लवचीक तारेने बांधतात. मुळाची पूर्ण वाढ झालेली असेल तर त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनॉल सुरू करावे लागते, नाहीतर मघाशी सांगितलेली जंतूंची झीज सुरू होते. पुढे दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि मग किमान पाच वर्षे दरवर्षी तपासणी. लोक पहिल्या दोन खेपांना येतात, मग दात छान दिसतो म्हणून येणे थांबवतात. झीज सापडते ती त्या चुकवलेल्या खेपांमध्ये.

शेवटी सोसायटीकडे तीन मागण्या. पहिली, दात पडल्यावर काय करायचे ते मी एका कागदावर लिहून देते. तो नोटीस बोर्डावर आणि वॉचमनच्या खोलीत कायमचा लावावा. मेंटेनन्स थकबाकीच्या यादीखाली झाकू नये, एवढी सचिवांना विनंती. दुसरी, घरात कोणाच्या दाताला मार लागला तर त्याची तारीख वहीत लिहून ठेवा. दहा वर्षांनी डॉक्टरने विचारले, "या दाताला कधी काही लागलं होतं का?" तर उत्तर तयार पाहिजे. पुष्कळदा सगळा उलगडा त्या एका तारखेतून होतो. तिसरी, मार लागलेल्या दाताचा एक साधा एक्स-रे काढून घ्या, दुखत नसला तरी. खर्च एका पिझ्झाहून जास्त येत नाही. गुंतागुंत वाटली तर पुढे थ्रीडी स्कॅन असतो, आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

समोर बसलेल्या या लेकरांचे पक्के दात आत्ताच येताहेत. सोसायटीचा सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा ही मंडळी समितीत असतील, मेंटेनन्सवरून भांडत असतील. तेव्हाही ते दात त्यांचे स्वतःचेच असावेत, एवढीच इच्छा. प्रश्न असतील तर जिन्यात, लिफ्टपाशी, कुठेही विचारा. वाटीत दूध घेऊन रात्री दार वाजवले तरी उघडीन.